फेरफाराचा क्रमांक

वाशीम म्हणजे प्राचीन वत्सगुल्म. वाकाटकांच्या एका शाखेची ती राजधानी होती. त्या शाखेंतील राजा दुसरा विंध्यशक्ति यानें आपल्या राज्याच्या 37 व्या वर्षीं एक गांव दान दिलें. त्या दानाचा वाशीम येथें मिळालेला ताम्रपट 1939 सालीं उजेडांत आला. दान कोणीं दिलें व कोणास दिलें, हें त्या पत्र्यांवरून सोळाशें वर्षांनंतरही कळतें. परंतु तें गांव पुढें कोणाच्या हातून कोणाच्या हातीं गेलें, याचा त्यांवर पत्ता नाहीं. मालकी एकदां कोरून ठेवणें सोपें आहे. तिच्यांत होणारा प्रत्येक बदल त्याच्या कारणाशीं बांधून ठेवणें कठीण.

या भागाचा कारभारही पुष्कळदां बदलला. 1853 च्या तहानें वऱ्हाड इंग्रजांच्या व्यवस्थेखालीं आलें. पुढें मुंबई इलाख्याच्या धर्तीवर मोजणी होऊन शेतांस सर्व्हे नंबर मिळाले. वाशीम जिल्हा 1905 सालीं मोडून त्याचा बराचसा भाग अकोल्यांत विलीन झाला आणि 1 जुलै 1998 रोजीं पुन्हां स्वतंत्र झाला. मधल्या काळांत वऱ्हाडचा 1928 चा, मध्यप्रदेशचा 1954 चा व महाराष्ट्राचा 1966 चा असे तीन जमीन महसूल कायदे येथें लागू झाले. शेत जागचें हललें नाहीं. त्याचे कागद मात्र दर वेळीं नव्या नमुन्यांत उतरले.

1966 च्या संहितेची योजना मोठी विचारपूर्वक केलेली आहे. तलाठ्याच्या (त्यास आतां ग्राम महसूल अधिकारी म्हणतात) दप्तरांत 'गांव नमुना 6' ही फेरफार नोंदवही असते. खरेदी, वांटणी, वारसा, कांहींही असो, प्रथम या वहींत क्रमांक पडतो. नोंदीची प्रत चावडीवर लागते, संबंधितांस नोटीस जाते, हरकत आल्यास तिचा निकाल होतो, आणि मग मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतो. त्यानंतरच सातबाऱ्यावर जुनें नांव कंसांत जातें, नवें चढतें, व शेजारीं लहानशा वर्तुळांत फेरफाराचा क्रमांक येतो. मालक कोण, हें सातबारा सांगतो. तो मालक कां झाला, हें त्या वर्तुळावरून शोधावें.

अडचण येते ती दप्तरें अनेक असलीं म्हणजे. फेरफाराचे क्रमांक प्रत्येक गांवाचे वेगळे असतात. 215 क्रमांकाचा फेरफार रिसोड तालुक्यांतील एका गांवीं असेल, तसाच मालेगांव तालुक्यांतील दुसऱ्या गांवींही असेल. समजा, दोन्ही गांवीं जमीन असलेला शेतकरी वारला. मृत्यु एक, वारस तेच, परंतु फेरफार दोन करावे लागतात. मुलगे राहत्या गांवीं अर्ज देतात; तेथें आईचें व बहिणीचेंही नांव लागतें. दुसऱ्या गांवची जमीन मृताच्याच नांवावर राहते. पुढें पीककर्ज काढण्याची वेळ येते, किंवा या जिल्ह्यांतून गेलेल्या समृद्धि महामार्गासारख्या कामासाठीं भूसंपादन होतें, तेव्हां त्या विधवेस आपला हक्क नव्यानें सिद्ध करीत बसावें लागतें.

संगणकाच्या आज्ञावली लिहिणाऱ्यांपुढें हाच प्रश्न आला. लिनस टॉरवाल्ड्स यांनीं 2005 सालीं काढलेल्या 'गिट' पद्धतींत आज्ञावलीच्या प्रत्येक भांडाराचा फेरफार-इतिहास स्वतंत्र असतो. केलेला बदल मूळ भांडारांत सामील करून घ्यावा, अशा विनंतीस 'पुल रिक्वेस्ट' म्हणतात. इतरांनीं तपासून मान्य केल्यावर तो सामील होतो. तो बदल कशासाठीं हवा होता, हें निराळ्या नोंदवहींत 'तिकीट' म्हणून क्रमांकासह लिहिलेलें असतें. एका तिकिटासाठीं तीन भांडारांत बदल झाले, तर तिन्ही विनंत्यांवर तोच तिकीट-क्रमांक घालण्याचा परिपाठ आहे. तो क्रमांक शोधतांच तिन्ही बदल एकत्र दिसतात, व एखादें भांडार राहून गेलें असल्यास लक्षांत येतें.

जमिनीच्या खरेदीखतांत अशी सांगड पुष्कळशी आहे. दुय्यम निबंधकाकडे नोंदलेल्या दस्ताची सूचना महसूल दप्तरास जाते. वारसाची खबर मात्र बहुधा कुटुंबानेंच द्यावी लागते. मृत खातेदारांच्या जागीं वारसांचीं नांवें लावण्यासाठीं 2025 सालीं 'जिवंत सातबारा' मोहीम शेजारच्या बुलढाणा जिल्ह्यांत सुरू होऊन राज्यभर गेली, यावरूनच किती नोंदी मागें राहिल्या होत्या, याची कल्पना येते. म्हणून घरांत मृत्यु झाला, तर सर्व गांवच्या जमिनींची एकच यादी करावी, आणि प्रत्येक जमिनीपुढें प्रमाणित फेरफाराचा क्रमांक येईपर्यंत ती बासनांत बांधूं नये.