परदेशी विधिशिक्षण : बॅरिस्टर ते विनिमय विद्यार्थी

परदेशी विधिशिक्षण म्हणजे स्वतःच्या देशाबाहेर जाऊन विद्यापीठात किंवा वकिलांच्या संस्थेत कायदा शिकणे. मराठी समाजात याचे दोन काळ पडतात. पहिला बॅरिस्टरांचा. त्या काळी माणूस विलायतेला जाई, तिथे तीनेक वर्षे काढी आणि सनद घेऊन परते. दुसरा काळ आजच्या विनिमय विद्यार्थ्याचा. त्याची पदवी इथल्याच विद्यापीठाची असते, फक्त मधले एक सत्र तो बाहेरच्या विद्यापीठात शिकतो आणि तिथले श्रेयांक घेऊन परत वर्गात येतो. बॅरिस्टर सनद आणायला जात असे, विनिमय विद्यार्थी तुलना आणायला जातो. हा फरक नीट पाहायचा तर आदिलाबाद जिल्हा (तेलंगण) आणि त्याला लागून असलेला मराठी सीमाभाग डोळ्यांसमोर ठेवणे सोयीचे, कारण राज्यसीमेच्या दोन बाजूंना तिथे आजही दोन वेगळे जमीनकायदे चालतात.

बॅरिस्टरांचा काळ : लंडनमध्ये वकिलांच्या चार जुन्या संस्था आहेत : लिंकन्स इन, इनर टेंपल, मिडल टेंपल आणि ग्रेज इन. यांपैकी एकीत नाव घालायचे, बारा सत्रे ‘भरायची’, परीक्षा द्यायच्या आणि शेवटी ‘कॉल’ व्हायचे, म्हणजे वकिलीची सनद मिळवायची, असा क्रम होता. सत्र भरणे म्हणजे व्याख्यानांना बसणे नव्हे, तर संस्थेच्या भोजनगृहात ठरलेल्या रात्री जेवायला हजर राहणे. विद्यापीठातही शिकणाऱ्याला दर सत्राला तीन रात्री पुरत, इतरांना सहा. लांब बाकांवर चौघाचौघांचे गट बसत आणि वाढलेले अन्न व मद्य त्या चौघांत वाटले जाई. इनर टेंपलमध्ये शिकलेल्या गांधींनी या जेवणांची आठवण लिहून ठेवली आहे : चौघांत दारूच्या दोन बाटल्या मिळत आणि ते स्वतः पीत नसल्यामुळे त्यांना आपल्या गटात घ्यायला इतरांची ओढाताण चाले. शाकाहारी मुलाला या टेबलावर पाव, उकडलेले बटाटे आणि कोबी यांवर भागवावे लागे. तरीही ही जेवणे चुकवता येत नसत, कारण वर्षे मोजली जात ती त्यांवरूनच.

त्या काळी कायदा शिकायला विलायतेला गेलेली मराठी मुलखातली माणसे वेगवेगळ्या थरांतली होती. नाशिकला जन्मलेल्या आणि पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकलेल्या कॉर्नेलिया सोराबजी १८८९ मध्ये ऑक्सफर्डच्या सॉमरव्हिल कॉलेजात दाखल झाल्या. तिथली कायद्याची बी.सी.एल. परीक्षा १८९२ मध्ये त्यांनी दिली तीही विद्यापीठाच्या खास ठरावाने, कारण बाईने ती देण्याची सोयच नव्हती. उत्तीर्ण होऊनही पदवी हाती यायला ऑक्सफर्डने १९२० मध्ये स्त्रियांना पदव्या खुल्या करेपर्यंत थांबावे लागले. हिंदुस्थानात स्त्रियांना वकिली करू देणारा कायदा १९२३ मध्ये झाला. विनायक दामोदर सावरकर १९०६ मध्ये श्यामजी कृष्णवर्मांच्या शिष्यवृत्तीवर ग्रेज इनमध्ये गेले, परीक्षा उत्तीर्ण झाले, पण १९०९ मध्ये संस्थेने त्यांना ‘कॉल’ नाकारला. परीक्षा पास होणे आणि सनद मिळणे या दोन गोष्टी वेगळ्या आहेत हे त्यावरून स्पष्ट झाले.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा प्रवास मात्र जरा थांबून पाहावा. बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीवर १९१३ मध्ये ते न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले आणि १९१६ मध्ये लंडनला येऊन लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स व ग्रेज इन या दोन्हीकडे एकदमच दाखल झाले. शिष्यवृत्तीची मुदत संपली म्हणून १९१७ मध्ये अभ्यास अर्धा टाकून परतावे लागले, आणि वेगळ्या बोटीने पाठवलेली पुस्तके वाटेत पाणबुडीच्या हल्ल्यात बुडाली. लंडन विद्यापीठाने अभ्यास पुढे चालू करायला चार वर्षांची सवलत दिली होती. मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात शिकवून जमवलेली रक्कम, शाहू महाराजांची मदत आणि नवल भाथेना या मित्राकडून घेतलेले कर्ज, एवढ्या शिदोरीवर ते १९२० मध्ये पुन्हा निघाले. १९२१ मध्ये त्यांनी जर्मनीतल्या बॉन विद्यापीठातही शिकण्यासाठी जर्मन भाषेत अर्ज केला. १९२२ मध्ये ते बॅरिस्टर झाले, पुढच्या वर्षी अर्थशास्त्राची डी.एस्‌सी. मिळाली. तीन देशांच्या विद्यापीठांशी एकाच विद्यार्थ्याने जोडलेला हा संबंध आजच्या विनिमय कल्पनेला सर्वांत जवळचा. फरक इतकाच की त्यांच्यामागे करार करणारे विद्यापीठ उभे नव्हते. प्रत्येक दार त्यांना एकट्याने ठोठावावे लागले.

आदिलाबाद त्या वेळी निजामाच्या हैदराबाद संस्थानात होते. संस्थानातल्या कचेऱ्या आणि न्यायालये उर्दूत चालत, आणि १९१८ मध्ये स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाचे शिक्षणमाध्यमही उर्दूच होते. मराठी घरांतून वकिलीकडे वळलेल्यांना म्हणून घरची मराठी, कोर्टाची उर्दू आणि वरच्या कायद्याची इंग्रजी अशी तिहेरी तयारी करावी लागे. परभणीकडून आलेले केशवराव कोरटकर हैदराबादेत वकील आणि पुढे उच्च न्यायालयाचे न्यायाधीश झाले. तिथली विवेकवर्धिनी ही मराठी शाळा त्यांच्या पिढीच्या खटपटीतून उभी राहिली. त्यांचे चिरंजीव विनायकराव कांगडी गुरुकुलातून ‘विद्यालंकार’ होऊन लंडनला गेले आणि बॅरिस्टर होऊन परतले. संस्थानाच्या विलीनीकरणानंतर ते मुख्यमंत्री बुर्गुल रामकृष्णरावांच्या मंत्रिमंडळात मंत्री होते आणि १९५७ मध्ये हैदराबादहून लोकसभेवर निवडून आले. संस्कृत गुरुकुल आणि लंडनचे इन एकाच माणसाच्या शिक्षणात यावेत याचे तेव्हाही लोकांना अप्रूप होते. आदिलाबादच्या उत्तरेला, चांद्याचे (आजचे चंद्रपूर) राजाभाऊ खोब्रागडे हे लंडनहून बॅरिस्टर होऊन आलेले दुसरे मोठे नाव. ते १९६९ ते १९७२ या काळात राज्यसभेचे उपसभापती होते.

सनदेचा शेवट : अधिवक्ता अधिनियम, १९६१ ने देशभर वकिलांचा एकच वर्ग केला. ३१ डिसेंबर १९७६ पर्यंत ‘कॉल’ झालेल्या बॅरिस्टरला त्या बळावर इथे वकील म्हणून नाव नोंदवता येत होते. त्यानंतर ते दार बंद झाले. ‘बॅरिस्टर’ हा शब्द त्यापुढे नावामागची पदवी म्हणून उरला आणि जुन्या पाट्यांवर दिसत राहिला. आज परदेशी पदवीवर इथे वकिली करायची तर ती भारतीय विधिज्ञ परिषदेने मान्य केलेली असावी लागते आणि परिषदेची पात्रता परीक्षाही द्यावी लागते. म्हणून मूळ पदवी इथेच घ्यावी आणि बाहेर एखादे सत्र किंवा पदव्युत्तर वर्ष काढावे, ही वाट रूढ झाली.

विनिमय सत्र : १९८० च्या दशकात बंगळूरला पाच वर्षांचा सलग विधि अभ्यासक्रम सुरू झाला आणि राष्ट्रीय विधि विद्यापीठांची माळ तयार झाली. हैदराबादजवळचे नालसार हे १९९८ चे. या विद्यापीठांचे सिंगापूर, टोरोंटो, हॅम्बुर्ग इथल्या विधिशाळांशी करार आहेत. रीत साधारण अशी : चौथ्या वर्षाच्या आसपास विद्यार्थी अर्ज करतो, आपल्या विद्यापीठाची फी नेहमीप्रमाणे भरतो, यजमान विद्यापीठ शिकवणीची फी घेत नाही. विमान, राहणे, जेवण, विमा, व्हिसा हे सगळे स्वतःचे. जर्मनीच्या व्हिसासाठी खर्चाची रक्कम गोठवलेल्या खात्यात दाखवावी लागते. सप्टेंबर २०२४ पासून ती वर्षाला ११,९०४ युरो, म्हणजे महिन्याला ९९२ युरो आहे आणि सत्रापुरती त्या प्रमाणात मोजली जाते. कापूस विकून वर्षाचा हिशेब बसवणाऱ्या घराला हा आकडा पेलवणे सोपे नाही. त्यात सरकारी मदतीचा साचाही वेगळा आहे. केंद्राची राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्ती पदव्युत्तर शिक्षण व संशोधनासाठी आहे, महाराष्ट्राची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्तीही पूर्ण अभ्यासक्रमासाठी आहे आणि तेलंगणाची आंबेडकर ओव्हरसीज विद्यानिधी पदव्युत्तर शिक्षणासाठी. चार महिन्यांच्या सत्राला यांतून काही मिळत नाही. ही उणीव सरकारांनी भरून काढायला हवी, असे प्रस्तुत नोंदकाराचे मत आहे. ज्याला पूर्ण वर्षाचे धैर्य नाही त्याच्यासाठी सत्र हीच पहिली पायरी असते.

जाण्याआधीचे खरे काम कागदावरचे असते. विषयांची जुळणी लावावी लागते : परदेशातला कोणता विषय इथल्या कोणत्या विषयाच्या बदल्यात धरला जाईल, किती श्रेयांक मिळतील, गुणांचे रूपांतर कसे होईल, हे सगळे निघण्यापूर्वी लेखी घ्यावे लागते. विधिज्ञ परिषदेने सक्तीचे केलेले विषय इथेच पूर्ण करून बाहेर ऐच्छिक विषय घेणे शहाणपणाचे, नाहीतर परतल्यावर राहिलेला विषय धाकट्या तुकडीबरोबर बसून द्यावा लागतो.

आदिलाबादची शिदोरी : २०१६ मध्ये जुन्या आदिलाबादचे आदिलाबाद, निर्मल, मंचिर्याल आणि कुमुरम भीम आसिफाबाद असे चार जिल्हे झाले. तेलुगू, मराठी, गोंडी, कोलामी, लंबाडी, उर्दू या सगळ्या भाषा इथल्या बाजारात कानावर पडतात. निजामाविरुद्ध उठलेले गोंड नेते कुमुरम भीम १९४० मध्ये जोडेघाटला मारले गेले. त्यानंतर संस्थानने ऑस्ट्रियन मानवशास्त्रज्ञ क्रिस्टोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ यांना गोंडांच्या भागात पाठवले. त्यांनी मारलवाईत मुक्काम केला, तिथे शिक्षककेंद्र निघाले आणि गोंडी वाचनपुस्तके देवनागरीत तयार झाली. १९४० च्या दशकाअखेरपर्यंत जिल्ह्यात आदिवासींना सुमारे १,६०,००० एकर जमिनीचे पट्टे मिळाले. पुढे १९५९ चा जमीन हस्तांतरण विनियम १९६३ मध्ये तेलंगणाला लागू झाला आणि १९७० मध्ये तो कडक झाला. लोक त्याला ‘वन-सेव्हंटी’चा (१/७०) कायदा म्हणतात. अनुसूचित क्षेत्रात बिगर-आदिवासीच्या हातात असलेली जमीन मूळची आदिवासीचीच, असे गृहीत धरून तो सुरू होतो. उलट सिद्ध करण्याचे ओझे ताबेदारावर. अनुसूचित क्षेत्रातली सरकारी जमीन खाणीसाठी खासगी कंपनीला देता येणार नाही, हा सर्वोच्च न्यायालयाचा ‘समता’ निकाल ११ जुलै १९९७ चा.

त्याच वर्षी ११ डिसेंबरला कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने ‘डेल्गामूक’ खटल्यात आदिम जमातींच्या तोंडी परंपरेला पुरावा म्हणून लेखी दस्तऐवजाच्या बरोबरीने तोलले पाहिजे असे सांगितले. ऑस्ट्रेलियाचा ‘माबो’ निकाल त्याआधीचा, ३ जून १९९२ चा. जमीन कोणाचीच नव्हती ही वसाहतीची समजूत त्याने मोडून काढली. टोरोंटोच्या वर्गात हे निकाल वाचणाऱ्या आदिलाबादच्या विद्यार्थ्यापाशी त्यांना ताडून पाहायला पुष्कळ काही असते. गोंडांची कुळकथा त्यांचे भाट असलेले परधान किकरी हे तंतुवाद्य वाजवून सांगतात. कोणत्या कुळाचा कोणता डोंगर आणि कोणता नाला हे त्या कथेत असते. महसूल कचेरीत मात्र सेतवार ही जमिनीची जुनी नोंद आणि १९५४-५५ ची खासरा पहाणी ही ताब्याची नोंद मागितली जाते. सेतवार उर्दूत, वर्ष फसली, खातेदाराचे नाव कारकुनाने ऐकले तसे लिहिलेले. एकाच माणसाचे नाव दोन कागदांवर दोन तऱ्हेने उतरलेले. कॅनडातल्या न्यायाधीशाने कथेला जे वजन दिले ते इथल्या किकरीला मिळावे का, मिळाल्यास कोणत्या पुराव्याच्या नियमाखाली, हा प्रश्न परदेशी प्राध्यापकाला पुस्तकात सापडणार नाही. तो घरून न्यावा लागतो.

घरचीच दुसरी तुलना सीमेपल्याड आहे. किनवट १९५६ पर्यंत आदिलाबाद जिल्ह्यात होते, मग नांदेडात गेले; राजुरा आधी नांदेडला आणि १९५९ मध्ये चांद्याला जोडले गेले. त्यामुळे एकाच आडनावाच्या दोन घरांना दोन कायदे लागू झाले. अलीकडे १/७० चा विनियम, पलीकडे महाराष्ट्राचा आदिवासींच्या जमिनी परत देण्याचा १९७४ चा कायदा. चंद्रपूर जिल्ह्याच्या जिवती तालुक्यातल्या १४ गावांवर तर दोन्ही राज्यांचा दावा आहे. तिथे दोन राज्यांच्या शाळा आणि दोन राज्यांची शिधापत्रिका असलेली घरे आहेत. कोणत्या न्यायालयाचा अधिकार कुठवर पोचतो, हा विषय हॅम्बुर्गला युरोपीय देशांच्या उदाहरणांनी शिकवतात. त्या १४ गावांतल्या परमडोलीच्या वाटेवर तो चालताना दिसतो.

अडचण प्रवेशाच्या दाराशीच आहे. राष्ट्रीय विधि विद्यापीठांची ‘क्लॅट’ परीक्षा इंग्रजीत होते. त्यामुळे गावच्या मराठी किंवा तेलुगू शाळेत शिकलेल्या मुलाला विनिमयाचा अर्ज हातात पडण्याच्या कितीतरी आधी गाळले जाते. ज्यांच्याजवळ सांगण्यासारखे सर्वांत जास्त आहे तेच वर्गाबाहेर राहतात, ही गोष्ट मनाला लागते.

परतल्यावर सत्राचे श्रेयांक जमा होतात, पदवी मिळते, राज्याच्या विधिज्ञ परिषदेत नाव नोंदवायचे आणि २०१० मध्ये सक्तीची झालेली अखिल भारतीय वकील परीक्षा द्यायची. नाव हैदराबादच्या तेलंगण परिषदेत घातले काय किंवा मुंबईच्या महाराष्ट्र व गोवा परिषदेत घातले काय, अधिवक्ता अधिनियमाचे तिसावे कलम १५ जून २०११ पासून लागू असल्याने तो वकील देशातल्या कोणत्याही न्यायालयात उभा राहू शकतो. आदिलाबादकडचा १/७० चा वाद आणि सीमेपल्याडच्या किनवटचा १९७४ च्या कायद्याचा वाद, अशी दोन्ही प्रकरणे एकाच वकिलाच्या पिशवीत असू शकतात.