कंपनीच्या पिस्तुलाचे वय

ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेतील ठासणीचे पिस्तूल वारशाने आले, तर त्याचे वय आधी घोड्याशेजारच्या लोखंडी पट्टीवर शोधावे. चार भागांत विभागलेला बदाम आणि त्यातील कंपनीची आद्याक्षरे असतील तर पट्टी साधारण 1808 पूर्वीची; त्यानंतर मुकुट धरून उभा असलेला सिंह येतो. अनेक पट्ट्यांवर कारागिराचे नाव आणि सालही कोरलेले असते. पण साल पट्टीचे असते, पिस्तुलाचे नव्हे. जुन्या पट्टीला नवी नळी आणि नवा दस्ता जोडणे ही नित्याची गोष्ट होती.

नळीवरील चाचणीचे ठसे म्हणूनच स्वतंत्रपणे वाचावे लागतात. बर्मिंगहॅमचे चाचणीगृह 1813 मध्ये स्थापन झाले. तिथला ठसा असलेली नळी त्याआधी तपासली गेलेली असणे शक्य नाही.

चकमकीच्या जागी बार पेटवणारी स्फोटक टोपी आली ती कंपनीच्या फौजेत 1840 च्या दशकात. तेव्हा बदललेल्या हत्यारात रंजकदाणी काढून टाकलेली आणि पट्टीवरची जुनी भोके बुजवलेली दिसतात. अशा खुणा पुसायचा मोह वारसदाराने टाळावा. घासूनपुसून चकचकीत केलेले पिस्तूल मुके होते. सरहद्दीवरच्या कारागिरांनी कंपनीच्या ठशांच्या नकलाही पुष्कळ केल्या. त्यांतली वेडीवाकडी किंवा उलटी अक्षरे बहुधा चोरी उघड करतात.