खाजणातली भट्टी आणि पोरांच्या हातातली पुडी

दारूचा विषय निघाला की आपण नवऱ्यांबद्दल बोलतो. आज पोरांबद्दल बोलू, आणि त्यासाठी मुंबईला, अँटॉप हिलला जाऊ.

अँटॉप हिल म्हणजे वडाळ्याजवळची टेकडी. सरकारी नोकरांच्या वसाहती, दाट झोपड्या, आणि पलीकडे खाडीचं खाजण, मिठागरं. १९४९ साली मुंबई दारूबंदी कायदा झाला. दुकानं बंद झाली, पिणं काही बंद झालं नाही. मग खाजणातल्या झुडपांआड हातभट्ट्या लागल्या. काळा गूळ, नवसागर आणि पिंप, एवढंच भांडवल. चिखलात पाठलाग कोण करणार? माल टायरच्या ट्यूबांतून आणि फुटबॉलच्या ब्लॅडरमधून वस्त्यांत जायचा. वरदराजन मुदलियार हे नाव याच धंद्यातून मोठं झालं. माटुंगा, धारावी, अँटॉप हिल या पट्ट्यात त्याचा दरारा होता.

अशा वस्तीतलं पोर दारू पितं ते फार नंतर. आधी ते बघतं, मग कुणीतरी सांगतं म्हणून आणायला जातं. आपणही पोराला तंबाखूची पुडी आणायला पाठवतोच की!

पुढे सत्तरीच्या दशकात बंदी सैल झाली. १८ जानेवारी १९८२ला परळ-लालबागच्या गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार घरी बसले, आणि कितीतरी जणांना गिरणीचं दार पुन्हा उघडलंच नाही. त्याच सुमारास मुंबईत गर्द, म्हणजे ब्राऊन शुगर, पसरू लागली. संपामुळे गर्द आली असं मी म्हणणार नाही. पण रिकाम्या हातांचं पोर तिला लवकर सापडलं.

दारू प्यालेलं पोर आईला वासावरून कळतं. गर्द तशी कळत नाही. चांदीच्या कागदावर चिमूटभर भुकटी, खालून काडी, आणि धूर ओढायचा. पहिली पुडी पुष्कळदा मित्रच देतो, फुकट. सवय लागली की ती न मिळाल्यास नाक-डोळे गळतात, अंग मोडतं, पोटात कळा येतात. मग पोर मजेसाठी नाही, तो त्रास थांबावा म्हणून ओढतं. मारून ते कसं सुटणार? घरात जळकी चांदी सापडते, पैसे आणि भांडी नाहीशी होतात, पोर रात्री झोपत नाही. या खुणा एकत्र दिसल्या तर आधी शेजारी बसा.

२९ ऑगस्ट १९८६ला पुण्यात मुक्तांगण सुरू झालं. डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी ते उभं केलं, पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांनी मदत दिली. व्यसनी माणूस गुन्हेगार नाही, आजारी आहे, या समजुतीवर तिथलं काम चालतं.

कायदाही आता आपल्या हाताशी आहे. अठरा वर्षांखालच्या मुलाला दारू किंवा अमली पदार्थ देणाऱ्याला २०१५च्या बाल न्याय कायद्याने सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड होतो. टपरीवाला ओळखीचा असला तरी. आणि सल्ला हवा असेल तर १४४४६ या सरकारी क्रमांकावर फुकट फोन लागतो. गटाच्या वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा.