अर्ध्या पैशाचे काय करायचे? १९५७ चा नाणेबदल

१/ संसदेने १९५५ साली नाणे कायद्यात दुरुस्ती केली आणि १ एप्रिल १९५७ पासून देशात दशमान नाणेपद्धती सुरू झाली. त्यापूर्वी एका रुपयाचे १६ आणे, ६४ पैसे किंवा १९२ पै होत. आता त्याच रुपयाचे १०० ‘नये पैसे’ झाले. रुपयाचे मोल बदलले नाही. बदलली ती त्याची विभागणी.

२/ अडचण आण्यापाशी होती. १०० ला १६ ने भागले की ६.२५ येतात आणि पाव नया पैसा असे नाणेच नव्हते. चार आण्यांचे २५, आठ आण्यांचे ५० व बारा आण्यांचे ७५ नये पैसे बिनचूक होत. एरवी प्रत्येक आण्याच्या हिशेबात अपूर्णांक उरे.

३/ म्हणून नियम ठरला: अपूर्णांक अर्धा किंवा त्याहून कमी असेल तर सोडावा, अधिक असेल तर पूर्ण एक धरावा. त्यानुसार एका आण्याचे ६, दोन आण्यांचे (१२.५) १२, तीन आण्यांचे (१८.७५) १९ आणि सहा आण्यांचे (३७.५) ३७ नये पैसे झाले.

४/ आता जुना एक पैसा पाहा. त्याचे होतात १.५६२५, म्हणजे नियमाने २ नये पैसे. आण्याचा जिन्नस एकदम घेणाऱ्यास ६ नये पैसे पडत. तोच जिन्नस एकेका पैशाचा असा चार वेळा घेऊन दरवेळी नव्या नाण्यांत दाम मोजले, तर ८ जात. थोडेथोडे घेणे ही गरिबाचीच गरज. तेव्हा नियम सर्वांना सारखा असूनही त्याचा भार सारखा नव्हता.

५/ याउलट, एकेका आण्याच्या सोळा वस्तू सुट्या विकणाऱ्याच्या हाती रुपयाऐवजी ९६ नये पैसेच येत. हिशेब प्रत्येक व्यवहाराला करायचा की शेवटच्या बेरजेला, यावर कोणाचे नुकसान होणार हे अवलंबून होते.

६/ १ जून १९६४ पासून ‘नया’ हा शब्द गळला, पण तो प्रश्न आज संगणकातील नोंदींत जिवंत आहे. संगणकाच्या द्विमान अपूर्णांकात ०.१० ही साधी रक्कमसुद्धा तंतोतंत मावत नाही. यासाठी रक्कम दशमान प्रकारात किंवा पूर्ण पैशांत साठवतात, मधल्या पायऱ्यांवर अपूर्णांक जपतात आणि पूर्णांक शेवटी एकदाच करतात.

७/ अर्ध्याचा नियमही आधी लिहून ठेवावा लागतो. अर्धा नेहमी वर नेला तर १२.५ चे १३ व ३७.५ चे ३८ होतात. जवळच्या सम संख्येकडे नेला तर १२ व ३८. १९५७ च्या नियमाने १२ व ३७. गणिताच्या दृष्टीने तिन्ही चालतात. त्यांतला कोणता लागू, हे कायद्याने उघड सांगितल्यामुळे गिऱ्हाईक आणि दुकानदार दोघांनाही एकाच कोष्टकावर बोट ठेवता आले.