साक्षीदार गोरा हवा : गिअरी कायदा आणि अर्ज न करणाऱ्यांचा इतिहास

आर्काइव्हमध्ये एकाच छापाच्या सरकारी फॉर्मांचा गठ्ठा समोर आला की नव्या संशोधकाचा हात आपोआप एक्सेल शीटकडे जातो. नाव, वय, धंदा, पत्ता असे कॉलम पाडायचे, मोजायचं आणि प्रकरण लिहायला घ्यायचं. त्यात गैर काही नाही. पण मोजायच्या आधी तीन साधे प्रश्न विचारून बघा. हा कागद मिळवायला माणसाला कुठे जावं लागलं? सोबत कोणाला न्यावं लागलं? आणि तो गेलाच नसता तर त्याचं काय झालं असतं?

हे प्रश्न किती दूरवर नेतात ते आज एका उदाहरणातून बघू. १८९२ साली अमेरिकेतल्या चिनी मजुरांना सरकारने सांगितलं, की तुम्ही या देशात राहायला हक्कदार आहात हे एका वर्षाच्या आत स्वतः येऊन सिद्ध करा. त्यातून जे प्रमाणपत्र मिळायचं त्याला ‘रहिवास प्रमाणपत्र’ म्हणत. परदेशी कामगाराला कायम राहता यावं म्हणून आज जी कागदपत्रं लागतात, त्यांच्या पूर्वजांत या कागदाची गणना करता येईल. मात्र लगेच ‘तेव्हाचं ग्रीन कार्ड’ असं लिहून मोकळे होऊ नका. ग्रीन कार्डातून नागरिकत्वाकडे वाट जाते. चिनी माणसाला ती वाट १८८२ च्या कायद्याने बंद केली होती.

आधी काय घडलं होतं

पार्श्वभूमी थोडक्यात. कॅलिफोर्नियात सोनं सापडल्यावर आणि पुढे रेल्वेच्या बांधकामासाठी दक्षिण चीनमधून हजारो मजूर आले. मंदी आली, गोऱ्या कामगारांच्या संघटना त्यांच्याविरुद्ध उभ्या राहिल्या आणि १८८२ मध्ये अमेरिकेने चिनी मजुरांना दहा वर्षं प्रवेशबंदी केली. जे आधीपासून होते त्यांना गावी जाऊन परत येण्यासाठी प्रमाणपत्र मिळे. १८८८ च्या स्कॉट कायद्याने ती प्रमाणपत्रं एका फटक्यात रद्द केली. चे चॅन पिंग नावाचा मजूर बारा वर्षं सॅन फ्रान्सिस्कोत राहून, हातात सरकारी कागद घेऊन चीनला गेला. परतताना जहाज समुद्रात असतानाच कायदा झाला आणि त्याला बंदरात उतरू दिलं नाही. सुप्रीम कोर्टानेही १८८९ मध्ये सरकारचीच बाजू उचलून धरली.

हा प्रसंग लक्षात ठेवा. तीन वर्षांनी याच सरकारने याच लोकांना ‘या, नवं प्रमाणपत्र घ्या’ असं सांगितलं, तेव्हा जुन्या प्रमाणपत्राचं काय झालं ते सगळ्यांना ठाऊक होतं.

कायद्यातली तरतूद

५ मे १८९२ चा हा कायदा कॅलिफोर्नियाचे काँग्रेस सदस्य थॉमस गिअरी यांच्या नावाने ओळखला जातो. प्रवेशबंदी आणखी दहा वर्षं वाढली, शिवाय प्रत्येक चिनी मजुराने आपल्या जिल्ह्यातल्या अंतर्गत महसूल कलेक्टरकडे अर्ज करायचा असं ठरलं. हा कलेक्टर म्हणजे मुख्यतः दारू आणि तंबाखूवरचा कर गोळा करणारा अधिकारी. फी नव्हती. व्यापारी, विद्यार्थी वगैरेंना सक्ती नव्हती, हवं असल्यास तेही प्रमाणपत्र घेऊ शकत.

वर्षभरानंतर ज्या मजुराकडे प्रमाणपत्र सापडणार नाही, तो बेकायदा राहतोय असं गृहीत धरून त्याला अटक व्हायची आणि देशाबाहेर पाठवलं जायचं. सुटका हवी तर त्याने न्यायाधीशापुढे सिद्ध करायचं, की आजारपण, अपघात अशा अटळ कारणामुळे अर्ज राहिला. शिवाय कायदा झाला त्या दिवशी आपण इथे राहत होतो हेही दाखवायचं, आणि त्यासाठी निदान एक ‘विश्वासार्ह गोरा साक्षीदार’ आणायचा. कायद्याच्या मजकुरात शब्द अगदी तसेच आहेत.

इथे क्षणभर थांबा. साधारणपणे गुन्हा सरकारने सिद्ध करायचा असतो. इथे राहण्याचा हक्क माणसाने सिद्ध करायचा, तोही दुसऱ्या वंशाच्या माणसाच्या तोंडून. आता संदर्भ जोडा. १८८५ मध्ये वायोमिंगमधल्या रॉक स्प्रिंग्ज इथे जमावाने २८ चिनी खाणकामगारांना ठार मारलं. त्याच वर्षी टॅकोमा शहरातून सगळ्या चिनी वस्तीला हाकलून दिलं. अशा घटनांनंतर लोक जीव मुठीत धरून मोठ्या शहरांतल्या चायनाटाउनमध्ये एकवटले. म्हणजे आधी गोऱ्या शेजारातून हुसकावायचं आणि मग तुला ओळखणारा गोरा शेजारी घेऊन ये म्हणायचं.

ली जो कलेक्टरकडे गेला होता

चिनी लोकांच्या मोठ्या संघटनेने, तिला ‘सिक्स कंपनीज’ म्हणत, नोंदणी करू नका असं आवाहन केलं. कायदेशीर लढ्यासाठी माणशी एक डॉलर वर्गणी मागितली. लोकांनी ऐकलं. मुदत संपली तेव्हा नोंदणी झाली होती सुमारे १३,००० जणांची. १८९० च्या जनगणनेत चिनी लोकसंख्या १,०७,४८८ होती.

मुदत संपताच, ६ मे १८९३ ला, न्यूयॉर्कमध्ये तिघांना अटक झाली. खटला तातडीने सुप्रीम कोर्टात जावा म्हणून हे ठरवून केलेलं होतं. खटला ओळखला जातो फाँग यू टिंग याच्या नावाने, पण माझ्या मते त्यातलं सगळ्यात बोलकं प्रकरण तिसऱ्या माणसाचं, ली जो याचं आहे. पहिल्या दोघांनी अर्ज केलाच नव्हता. ली जो ११ एप्रिल १८९३ ला स्वतः कलेक्टरकडे गेला होता, साक्षीदारही घेऊन गेला होता. कलेक्टरने प्रमाणपत्र नाकारलं, कारण साक्षीदार चिनी होते, म्हणून विश्वासार्ह नव्हते. न्यायाधीशापुढे ली जोने सांगितलं ते साधं होतं: मला ओळखणारे आणि खरी शपथ घेऊ शकणारे लोक चिनीच आहेत, दुसरा कोणी मला ओळखतच नाही.

इथे एक बारकावा बघा. ‘गोरा साक्षीदार’ ही अट कायद्याने घातली होती ती अटकेनंतरच्या सुनावणीसाठी. पण ली जोला त्याची झळ बसली त्याआधीच, कलेक्टरच्या टेबलापाशी. कायद्यात काय लिहिलंय आणि कचेरीत काय चालतं, यातलं अंतर असं सापडतं. नुसता कायदा वाचून थिसिस लिहिणाऱ्याच्या हातून नेमकी हीच जागा निसटते.

१५ मे १८९३ ला निकाल लागला, पाच विरुद्ध तीन. बहुमताचा निकाल न्यायमूर्ती होरेस ग्रे यांनी लिहिला. परक्यांना बाहेर काढणं हा सार्वभौम देशाचा अधिकार आहे आणि हद्दपारी ही गुन्ह्याची शिक्षा नव्हे, असं त्यात म्हटलं. म्हणजे आरोपीला मिळणारी संरक्षणं इथे लागूच नाहीत. ब्रूअर, फील्ड आणि फुलर यांनी विरोधी मत दिलं. यातले फील्ड म्हणजे चे चॅन पिंगला बाहेर ठेवणारा १८८९ चा निकाल लिहिणारे न्यायमूर्ती. दारातून आत न घेणं वेगळं आणि घरात राहणाऱ्याला बाहेर काढणं वेगळं, हा फरक त्यांनाही ओलांडता आला नाही.

तेरा हजारांचं काय करायचं?

सरकार जिंकलं, पण इतक्या माणसांना जहाजात बसवून पाठवायला पैसा नव्हता. म्हणून ३ नोव्हेंबर १८९३ च्या मॅक्रिअरी दुरुस्तीने मुदत सहा महिने वाढवली. ‘गोरा’ हा शब्द जाऊन ‘चिनी नसलेला’ साक्षीदार आला. त्याच वेळी अर्जदाराचा फोटो सक्तीचा झाला. मजूर कोण याची व्याख्याही ताणली गेली. फेरीवाले, कोळी, लॉन्ड्रीवाले सगळे त्यात आले. कोर्टाचा आधार गेल्यामुळे लोक निमूटपणे रांगेत उभे राहिले आणि प्रमाणपत्रांची संख्या एक लाखाच्या वर गेली.

आता तुमच्यासमोर हे दोन आकडे आहेत असं समजा. मे १८९३ ला तेरा हजार, वर्षभराने एक लाखाहून अधिक. मधल्या घडामोडी काढून टाकल्या तर कोणीही लिहील, की सुरुवातीला चिनी मजुरांना कायद्याची माहिती नव्हती, हळूहळू जागृती झाली. वाक्य वाचायला ठीक वाटतं, पण ते चूक आहे. लोक अर्ज करत नव्हते तो त्यांचा विचारपूर्वक घेतलेला निर्णय होता, त्यासाठी त्यांनी खिशातले पैसे दिले होते. आणि नंतर अर्ज केले ते पटलं म्हणून नव्हे, दुसरी वाट उरली नाही म्हणून. तेरा हजार भागिले एक लाख सात हजार करून ‘१२ टक्के’ असा आकडा काढतानाही सांभाळा. जनगणना जवळपास तीन वर्षं आधीची आहे, आणि त्यात नोंदणीची सक्ती नसलेले व्यापारी-विद्यार्थीही आहेत.

प्रमाणपत्राचा कागदही नीट बघा. नाव, वय, पत्ता, धंदा, उंची, डोळ्यांचा रंग, कांती, ओळख पटवणाऱ्या खुणा. हा माणूस इथे राहायला हक्कदार होता असं ‘साक्षीदारांच्या प्रतिज्ञापत्रांवरून दिसतं’, असं कलेक्टर खाली प्रमाणित करतो. हक्क ठरतो दुसऱ्यांच्या शब्दावर, आणि अर्जदाराकडून हवं असतं त्याचं शरीर. स्वतः हजर राहायला सांगतात ते म्हणूनच: उंची मोजायला, खुणा बघायला, फोटोशी चेहरा जुळवायला. त्यामुळे अशा फॉर्ममधून ‘मजुरांचा आवाज’ मिळाला असं लिहिताना हात आखडता घ्या.

आपल्या ओळखीचं एक उदाहरण शेजारी ठेवता येईल. १९०७ मध्ये ट्रान्सवालमध्ये भारतीय आणि चिनी रहिवाशांना बोटांचे ठसे देऊन नोंदणी करायला सांगितलं, तेव्हा बहुसंख्य गेले नाहीत. जानेवारी १९०८ मध्ये तुरुंगातून सरकारला गेलेल्या तडजोडीच्या पत्रावर गांधीजी आणि थंबी नायडू यांच्यासोबत चिनी समाजाचे नेते लिअंग क्विन यांचीही सही होती. पुढे सरकारने शब्द फिरवला असं म्हणत १६ ऑगस्ट १९०८ ला जोहान्सबर्गच्या हमीदिया मशिदीपाशी दोन हजारांहून जास्त प्रमाणपत्रं जाळली गेली. दोन्हीकडे कागद नाकारणं हे सामूहिक पाऊल होतं. पण साम्य दिसलं म्हणून एकाने दुसऱ्याचं अनुकरण केलं असं होत नाही. ते म्हणायचं तर पत्र, वर्तमानपत्र, माणसांचा प्रवास, असा काहीतरी दुवा हातात हवा.

तुमच्या विषयाला हे कसं लावाल

रेशनकार्डांचे अर्ज असोत, गिरणीतली भरतीची रजिस्टरं असोत की निर्वासितांच्या नोंदी, प्रपोजल लिहिण्याआधी एवढं करून बघा:

१. अर्ज करायची सक्ती कोणाला होती आणि मुभा कोणाला, ही यादी आधी करा. टक्केवारीचा छेद त्यातून ठरतो.

२. साक्षीदार कोण चालत होता ते शोधा. कोणाचा शब्द ग्राह्य धरला जातो, यावरून त्या काळची समाजरचना कळते.

३. मुदती आणि दुरुस्त्या यांचा तारीखवार तक्ता करा आणि नोंदींची संख्या त्यावर बसवून बघा.

४. नाकारलेले अर्ज कुठे गेले ते विचारा. मंजूर फाइली जपून ठेवल्या जातात. नामंजूर माणूस बहुधा कोर्टाच्या, पोलिसांच्या नाहीतर वर्तमानपत्रांच्या कागदांत भेटतो.

या चौथ्या मुद्द्यासाठी जास्त वेळ राखून ठेवा. ली जो ११ एप्रिलला साक्षीदारांना घेऊन कचेरीत गेला, त्या खेपेचं कुठलंही प्रमाणपत्र तयार झालं नाही. गठ्ठ्यातला प्रत्येक फॉर्म तुम्ही शीटमध्ये भरलात तरी त्यात ती खेप येणार नाही. ती आपल्याला कळते ती खटल्याच्या कागदांमुळे, आणि तो खटला उभा राहिला हजारो लोकांनी दिलेल्या एकेका डॉलरवर.