अणुकचऱ्याची ताम्रपात्रे
अणुकचऱ्याची ताम्रपात्रे : अणुभट्टीतील वापरलेले इंधन भूगर्भात कायमचे ठेवण्यासाठी स्वीडन व फिनलंड यांनी स्वीकारलेली तांब्याच्या आवरणाची बंद पात्रे. या इंधनातील प्लुटोनियम-२३९ चे अर्धायुष्य सु. २४,१०० वर्षे असल्याने पात्रे किमान एक लाख वर्षे टिकावीत, अशी अपेक्षा धरली जाते. ही योजना ‘केबीएस-३’ या नावाने ओळखली जाते. तिचा मूळ अहवाल १९८३ चा आहे.

रचना : पात्र सु. ४·८ मी. लांब व १·०५ मी. व्यासाचे असून इंधनासह त्याचे वजन सु. २५ टन भरते. आतील ओतीव लोखंडाचा गाभा दाब सोसतो, तर ५ सेंमी. जाडीचे तांब्याचे आवरण गंज रोखते. तांबे ऑक्सिजनविरहित असते आणि ताणाखाली ते ठिसूळपणे तुटू नये म्हणून त्यात अत्यल्प फॉस्फरस मिसळतात. झाकण घर्षण-वेल्डिंगने जोडतात. पात्राभोवती बेंटोनाइट मातीचे ठोकळे रचतात. पाणी शोषून ही माती फुगते व पोकळी बुजवते.

क्षरण : भांडार बंद होताना अडकलेला ऑक्सिजन लवकर संपतो आणि त्याने होणारी झीज किरकोळ असते. खरा शत्रू सल्फाइड होय. भूजलातील सल्फेटपासून जीवाणू सल्फाइड बनवतात. तांब्याशी त्याचा संयोग होऊन ताम्र सल्फाइड व हायड्रोजन तयार होतात. घट्ट दाबलेल्या बेंटोनाइटमध्ये जीवाणूंना वाव नसतो आणि बाहेरचे सल्फाइड आत अतिशय सावकाश झिरपते. मात्र एखाद्या हिमयुगातील वितळलेल्या बर्फाचे क्षारहीन पाणी खोलवर पोहोचून माती धुऊन गेली, तर हे संरक्षण उरत नाही. म्हणून पात्राचे आयुष्य ठरवताना तांब्याच्या जाडीइतकीच, किंबहुना अधिक, दखल मातीची घ्यावी लागते. लोकप्रिय लेखनात ही बाब बहुधा सुटते.

ऑक्सिजन नसलेल्या शुद्ध पाण्यातही तांबे गंजते, असा दावा स्टॉकहोमच्या केटीएच संस्थेतील गुन्नार हुल्टक्विस्ट यांनी १९८६ मध्ये केला. उप्साला विद्यापीठातील नंतरच्या प्रयोगांत त्याला दुजोरा मिळाला नाही. तथापि मतभेद पूर्णपणे मिटलेले नाहीत. २३ जानेवारी २०१८ रोजी स्वीडनच्या भूमी व पर्यावरण न्यायालयाने हा मुद्दा, सल्फाइडमुळे पडणारी छिद्रे, ताणजन्य क्षरण, हायड्रोजनमुळे येणारा ठिसूळपणा व किरणोत्साराचा परिणाम यांविषयी अधिक पुरावा मागितला. त्याच दिवशी किरणोत्सार सुरक्षा प्राधिकरणाने मात्र अनुकूल शिफारस केली. सरकारने २७ जानेवारी २०२२ रोजी फोर्समार्क येथील भांडारास मान्यता दिली.

नैसर्गिक दाखले : इंग्लंडमधील डेव्हनच्या किनाऱ्यावर, लिटलहॅम येथील पंकाश्मात नैसर्गिक तांब्याचे पातळ पत्रे १७ कोटी वर्षांहून अधिक काळ टिकून आहेत, ते अंशतः गंजले आहेत. १६७६ मध्ये बुडालेल्या ‘क्रोनान’ या स्वीडिश युद्धनौकेची चिखलात रुतलेली कांस्य तोफही या संदर्भात अभ्यासली गेली. प्रयोगशाळेतील काही वर्षांच्या मोजमापांपेक्षा अशा दाखल्यांचे मोल मोठे आहे.

फिनलंड : ओल्किलुओतो येथे ‘ओंकालो’ हे भांडार असून त्याला बांधकाम परवाना २०१५ मध्ये मिळाला.

इतर देश : कॅनडाने पोलादी पात्रावर तांब्याचा पातळ थर देण्याचा पर्याय निवडला. भारतात इंधनावर पुनःप्रक्रिया होते. उरलेला अतिकिरणोत्सारी द्रव काचेत बद्ध करून पोलादी डब्यांत साठवतात. पालघर जिल्ह्यातील तारापूर येथे अशी सोय आहे. खोल भूगर्भीय भांडार भारतात अद्याप नाही.