घरच्या खरेदीचा इतिहास

राजवंशांच्या उलथापालथी नोंदणाऱ्या इतिहासकारांचें लक्ष घरगुती जमाखर्चाच्या वहीकडे क्वचितच जातें. वास्तविक घरांतील मुलांचें वय त्या वहीवरून सहज ओळखतां येतें. प्रथम पाळणा व खुळखुळा, मग पाटी-पेन्सिल, पुढें पुस्तकें व कापडचोपड, असा तिचा क्रम असतो. लहानपणीं मूल हट्ट धरतें, पण दुकान वडीलच निवडतात. मुलगा कॉलेजांत जाऊं लागला म्हणजे मात्र तो वस्तूच्या किंमतीबरोबर तिचें जन्मस्थानहि विचारूं लागतो.

१९०५ सालीं, वंगभंगाच्या चळवळींत, पुण्यांत हेंच घडलें. विद्यार्थ्यांनीं विलायती कापडाची होळी केली. त्याबद्दल २२ वर्षांच्या विनायक सावरकरांस फर्ग्युसन कॉलेजनें १० रुपये दंड करून वसतिगृहांतून काढलें. जळालेल्या कपड्यांपैकीं कित्येक वडिलांच्याच पैशांचे असणार. तेव्हां घरोघरच्या वडील मंडळींस हा उधळेपणा वाटला असल्यास नवल नाहीं. तरीहि आम्हांस त्यांत एक स्थित्यंतर दिसतें. पैसा वडिलांचा राहिला, परंतु तो कोठें खर्चावा हें विचारण्याचा अधिकार पुढील पिढीनें मागितला. तो प्रश्न ज्या घरांनीं ऐकून घेतला, तेथेंच स्वदेशीचें व्रत होळीची राख निवल्यावरहि टिकलें असावें, असें आम्हांस वाटतें.